दार तयार झाले, पण जागेवर बसलेच नाही

समजा, कोकणातल्या एका घरातली चार वर्षांची मुलगी आहे. घरात आठवड्यातून तीन-चार दिवस मासे असतात, अंडी असतात, दूध रोजचे. तरी गेले काही महिने मूल अंग धरत नाही. चेहरा फिकट, खेळताना लगेच दमते, जेवणाचे नाव काढले की तोंड फिरवते. मधूनमधून जुलाब आणि ताप. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन सहा निघाले. लोहाचे औषध सुरू झाले. तीन महिने नेमाने दिले, पण आकडा हलला नाही.

मोठ्या रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहिल्यावर कोडे थोडे सुटते. लोह कमी पडले की लाल पेशी लहान आणि फिक्या होतात. या मुलीच्या लाल पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या आहेत. पेशी अशा मोठ्या होण्यामागे बहुतेक वेळा दोन जीवनसत्त्वांची कमतरता असते, बी-१२ किंवा फोलेट. तपासणीत बी-१२ अगदी तळाला गेलेले सापडते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न साहजिक असतो, “मूल काय खाते?” आई म्हणते, “सगळे खाते, मासे तर आवडीने.” मग बी-१२ जाते कुठे? त्याच कागदावर आणखी एक नोंद असते, जिचा रक्ताशी काही संबंध असेल असे कुणाला वाटत नाही: लघवीत प्रथिन आहे.

ही मुलगी उदाहरणापुरती घेतली आहे, पण तिची लक्षणे एका खऱ्या आजाराची आहेत. आजार दुर्मीळ आहे. तो समजून घेतला, तर ‘जीवनसत्त्व खाल्ले’ आणि ‘जीवनसत्त्व शरीराला मिळाले’ यांत किती अंतर असते, हे लक्षात येते.

ताटापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते तयार करतात सूक्ष्मजीव. प्राण्यांच्या शरीरात ते साठते आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्यापर्यंत येते. मोठ्या माणसाला दिवसाला लागते साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन-अडीच भाग! इतक्या थोड्या वस्तूला अन्नाच्या ढिगाऱ्यातून शोधून काढायचे, तर खास व्यवस्था हवी. शरीराने ती केली आहे.

जठरातले आम्ल अन्नातून बी-१२ मोकळे करते. मोकळे होताच लाळेतून आलेले एक प्रथिन त्याला धरून ठेवते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचा रस त्या प्रथिनाचे तुकडे करतो आणि बी-१२ दुसऱ्या सोबत्याच्या हाती जाते. हा सोबती जठराच्या अस्तरातून पाझरतो. त्याचे नाव ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’.

या सोबत्याचा सुगावा पहिल्यांदा लागला तो बोस्टनमधल्या विल्यम कॅसल या डॉक्टरांना. त्या काळी ‘पर्निशियस ॲनिमिया’ हा आजार जीवघेणा होता. कॅसल यांनी अशा रुग्णांना नुसते मांस दिले, तेव्हा रक्त सुधारले नाही. निरोगी माणसाला मांस खायला दिले, ते अर्धवट पचल्यावर त्याच्या जठरातून बाहेर काढले आणि नळीने रुग्णांच्या पोटात सोडले, तेव्हा रक्त सुधारले. १९२९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अन्नात काहीतरी आहे आणि जठरातही काहीतरी आहे, दोन्ही एकत्र आल्याशिवाय काम होत नाही, हे त्यातून दिसले. अन्नातले ते ‘काहीतरी’ म्हणजे बी-१२. ते शुद्ध स्वरूपात हाती लागायला १९४८ साल उजाडले.

बी-१२ आणि त्याचा सोबती अशी जोडी आतड्यातून पुढे सरकत जाते. वाटेत मीटरच्या मीटर आतडे लागते, पण तिथे तिच्यासाठी दार नाही. ते आहे लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रचंड प्रथिन असते, क्युबिलिन. हे प्रथिन बी-१२ला एकटे ओळखत नाही. सोबत्यासह आलेल्या जोडीला मात्र ते घट्ट पकडते आणि पेशीत घेते.

ज्याला पाय नाहीत असे प्रथिन

पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण असते. शाळेच्या पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. या पटलावर काम करणारी बहुतेक वाहक प्रथिने त्यात आरपार रोवलेली असतात. काही एकदाच आरपार जातात, काही दहा-बारा वेळा टाका घातल्यासारखी आत-बाहेर करतात. त्यामुळे ती जागेवर टिकतात.

क्युबिलिनची गोष्ट वेगळी. साडेतीन हजारांहून अधिक अमिनो आम्लांच्या या साखळीत पटलात रुतून बसेल असा एकही भाग नाही. शास्त्रज्ञांना हे कळले तेव्हा प्रश्न पडला, हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर टिकते तरी कसे?

उत्तर दुसऱ्या एका लहान प्रथिनात सापडले. त्याचे नाव ॲम्निऑनलेस. नाव विचित्र वाटते, पण त्याला कारण आहे. उंदराच्या गर्भात या प्रथिनाचे जनुक निकामी असेल, तर गर्भाभोवतीची ॲम्निऑन नावाची पिशवी तयार होत नाही. त्या निरीक्षणावरून २००१ मध्ये हे नाव पडले. आतड्याशी त्याचा काही संबंध असेल, अशी कल्पना तेव्हा नव्हती. ॲम्निऑनलेस पटलातून एकदा आरपार जाते. त्याचे एक टोक पेशीच्या आत असते आणि दुसरे बाहेर. बाहेरच्या टोकाने ते क्युबिलिनला धरून ठेवते. या जोडगोळीला २००४ पासून ‘क्युबॅम’ म्हणतात. २०१८ मध्ये तिची रचना बारकाईने पाहता आली, तेव्हा तीन क्युबिलिन आणि तीन ॲम्निऑनलेस एकमेकांत गुंफलेले दिसले.

ॲम्निऑनलेस क्युबिलिनला धरून ठेवते, हे त्याचे अर्धेच काम. उरलेले अर्धे त्याआधी पेशीच्या आत होते. मुलीच्या आजाराचा उगम तिथेच असू शकतो.

पेशीच्या आतला प्रवास

कोणतेही वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर तयार होत नाही. जनुकातल्या माहितीप्रमाणे अमिनो आम्लांची साखळी आत कुठेतरी ओवली जाते. पटलावर जायचे असेल, तर साखळीची सुरुवातच सांगते की हिला आंतर्द्रव्यजालिकेत न्या. प्रथिनावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पेशीतले घडणीचे ठिकाण. इथे साखळीला घडी पडते आणि तिच्यावर शर्करेच्या रेणूंचे झुपके जोडले जातात. इथेच तपासणीही होते. घडी नीट बसली नाही किंवा सोबत असायला हवे ते प्रथिन आले नाही, तर माल पुढे जात नाही. काही काळ तो आतच अडकतो आणि शेवटी पेशी त्याचे तुकडे करून टाकते. तपासणीत उतरलेले प्रथिन गॉल्गी संकुलात जाते. तिथे शर्करेच्या झुपक्यांवर शेवटचा हात फिरतो आणि कोणता माल कुठे जाणार याची वाटणी होते. मग छोट्या पिशव्यांत भरून तो पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांच्या मार्गावरून पृष्ठभागाकडे नेला जातो. पिशवी पटलाला चिकटते, एकरूप होते आणि आतले प्रथिन पटलावर येते. ही पिशव्यांची वाहतूक कशी चालते, हे उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि सूडहोफ या तिघांना २०१३चे नोबेल मिळाले.

आतड्याच्या पेशीत आणखी एक पेच असतो. या पेशीला दोन बाजू आहेत. एक अन्नाकडे तोंड केलेली, तिच्यावर ब्रशच्या केसांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. दुसरी रक्ताकडची. क्युबिलिन अन्नाकडच्या बाजूलाच पोहोचायला हवे. रक्ताकडच्या बाजूला ते गेले, तर असून नसल्यासारखे, कारण अन्नातले बी-१२ तिथे येतच नाही. शिवाय आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जेमतेम काही दिवस जगतात, मग झडून जातात. नवी पेशी आली की तिला नवी दारे बसवावी लागतात. हे काम जन्मभर चालू राहते.

ॲम्निऑनलेसची गरज इथे लागते. ते सोबत असेल, तरच क्युबिलिनला नीट घडी पडते, शर्करेचे झुपके योग्य तऱ्हेने पूर्ण होतात आणि ते पुढच्या प्रवासाला निघते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत ॲम्निऑनलेस नसेल, तर क्युबिलिन तयार होते आणि आंतर्द्रव्यजालिकेतच अडकून पडते. ॲम्निऑनलेस पुरवले की ते पृष्ठभागावर दिसू लागते. पृष्ठभागावर पोहोचल्यावरही ॲम्निऑनलेसचे काम संपत नाही. बी-१२ची जोडी पकडल्यावर दाराला मालासकट आत ओढण्याची खूण त्याच्याच आतल्या टोकावर असते. आत गेल्यावर सोबती प्रथिनाचा चुरा होतो, बी-१२ मोकळे होते, दुसऱ्या वाहकाच्या आधाराने रक्तात उतरते आणि दार पुन्हा पृष्ठभागावर परतते.

दोन देश, दोन बिघाड आणि काही कुत्री

१९६० मध्ये नॉर्वेच्या ओल्गा इमर्सलुंड आणि फिनलंडचे राल्फ ग्रेसबेक या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे काही मुलांचे वर्णन केले. मुलांना बी-१२च्या कमतरतेचा ॲनिमिया होता. जठर ठीक होते, आहार ठीक होता आणि लघवीत प्रथिन जात होते. आजाराला दोघांचे नाव मिळाले, इमर्सलुंड-ग्रेसबेक सिंड्रोम. कारण मात्र पुढची कित्येक वर्षे कळले नाही.

एक मोठा धागा कुत्र्यांनी दिला. जायंट श्नाउझर जातीच्या एका कुळातली काही पिल्ले जन्मल्यावर काही आठवड्यांतच वाढायची थांबत. बी-१२चे इंजेक्शन दिले की टवटवीत होत. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या कुत्र्यांच्या आतड्याची तपासणी प्रसिद्ध केली. बी-१२ पकडणारे प्रथिन पेशीत तयार होत होते, पण ते अन्नाकडच्या बाजूला पोहोचतच नव्हते. पुढे या कुळाचा दोष ॲम्निऑनलेसच्या जनुकात सापडला.

माणसांतले उत्तर दोन टप्प्यांत आले. १९९९ मध्ये फिनलंडच्या कुटुंबांत क्युबिलिनच्या जनुकातले बदल सापडले. त्यातल्या एका बदलात दार जागेवर जाते, पण बी-१२च्या जोडीवरची त्याची पकड सैल होते. २००३ मध्ये नॉर्वेच्या कुटुंबांत ॲम्निऑनलेसच्या जनुकात बदल दिसले. तिथे दाराचे मुख्य प्रथिन चांगले असते, त्याला पोहोचवणारा नसतो. बाहेरून पाहिले, तर दोन्ही देशांतली मुले सारखीच फिकट आणि थकलेली. पेशीच्या आतले बिघाड मात्र वेगळे.

हा आजार मुलाला होतो तो आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर. आईवडील स्वतः निरोगी असतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. नात्यातल्या लग्नांत दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या आपल्याकडच्या अनेक घरांनी हे ध्यानात ठेवायला हवे. जगभरात या आजाराच्या नोंदी काही शेच आहेत.

लघवीतल्या प्रथिनाचे काय?

क्युबिलिन मूत्रपिंडातही असते. मूत्रपिंडाची चाळणी रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळते. त्यातून अल्ब्युमिनसारखी थोडी प्रथिने निसटतात. चाळणीच्या पुढच्या नळीतल्या पेशी ती पकडून परत घेतात. हे पकडण्याचे काम करणाऱ्यांत क्युबिलिन आहे आणि तिथेही त्याला ॲम्निऑनलेसचीच साथ लागते. दार जागेवर नसेल, तर निसटलेले प्रथिन परत येत नाही, लघवीतून जाते.

म्हणजे मुलीच्या कागदावरच्या त्या दोन नोंदी, रक्तातला बी-१२चा अभाव आणि लघवीतले प्रथिन, एकाच प्रथिनाच्या दोन ठिकाणच्या गैरहजेरीतून आल्या. या आजाराच्या सगळ्याच मुलांच्या लघवीत प्रथिन सापडत नाही, कारण काही जनुकीय बदलांत मूत्रपिंडातले काम शाबूत राहते. सापडले तर ते निदानाला मोठी मदत करते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. हे प्रथिन चाळणी फाटल्यामुळे जात नाही. या मुलांच्या मूत्रपिंडाचे काम सहसा चांगले राहते. बी-१२ देऊन रक्त सुधारले, तरी लघवीतले प्रथिन तसेच राहते. हे ठाऊक नसेल, तर मुलाला मूत्रपिंडाच्या आजाराची जड औषधे सुरू होण्याची किंवा सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याची वेळ येऊ शकते. दोन वेगळ्या विभागांत दोन वेगळ्या फायली उघडतात आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

दार नसेल तर खिडकी

उपचार आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे. आतड्यातले दार बंद आहे, तर आतडेच टाळायचे. बी-१२चे इंजेक्शन स्नायूत दिले की ते थेट रक्तात जाते. सुरुवातीला रोज, मग अंतर वाढवत महिन्याला एक असे, तेही आयुष्यभर. काही दिवसांत अस्थिमज्जेतून नव्या लाल पेशी बाहेर पडू लागतात. भूक परत येते, चिडचिड कमी होते. हे औषध स्वस्त आहे आणि सरकारी रुग्णालयांतही मिळते.

तोंडावाटे खूप मोठी मात्रा दिली, तर दार नसतानाही त्यातला साधारण एक टक्का आतड्याच्या भिंतीतून नुसताच झिरपतो. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतला एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेपेक्षा जास्त. इंजेक्शन घ्यायचे की मोठ्या मात्रेची गोळी, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. बाजारातल्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळीत असलेल्या एक-दोन मायक्रोग्रॅमवर अशा मुलाचे भागणार नाही.

धोका आहे तो उशिराचा. बी-१२ रक्ताइतकेच मज्जातंतूंना लागते. मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, मूल शिकलेले विसरू लागणे ही लक्षणे फार दिवस चालली, तर रक्त सुधारल्यावरही मज्जासंस्थेची सगळी हानी भरून येईलच असे नाही. दुसरी एक चूक सहज होते. मोठ्या लाल पेशी पाहून नुसते फॉलिक ॲसिड दिले जाते. त्याने हिमोग्लोबिन वाढते, सगळ्यांना हायसे वाटते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

बाकीच्या जीवनसत्त्वांचीही हीच कथा

जवळपास प्रत्येक पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वाला पेशीत शिरायला वाहक लागतो आणि तो योग्य बाजूला पोहोचावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या हमीद सईद यांच्या गटाने हा प्रवास चमकणाऱ्या प्रथिनाची शेपटी जोडून जिवंत पेशींत पाहिला. ‘क’ जीवनसत्त्वाच्या एका वाहकात शेवटाजवळचा अवघा दहा अमिनो आम्लांचा तुकडा त्याला अन्नाकडच्या बाजूचा पत्ता देतो, हे त्यांनी २००४ मध्ये दाखवले. पेशीतल्या सूक्ष्म नळ्या औषधाने मोडल्या की वाहकांची ये-जा थांबते, हेही दिसले.

याचा रुग्णाशी काय संबंध, तर रायबोफ्लेविनचे म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे उदाहरण पाहावे. काही मुलांना आधी ऐकू येईनासे होते. मग हात दुबळे होतात, गिळता येत नाही, श्वासाचे स्नायू थकतात. या आजाराचे पहिले वर्णन १८९४ चे. शंभरहून अधिक वर्षे तो असाध्य मानला गेला आणि अनेक मुले श्वास बंद पडून गेली. २०१० मध्ये दोष रायबोफ्लेविनच्या वाहकाच्या जनुकात सापडला. सईद यांच्या प्रयोगशाळेत असे सदोष वाहक तपासले, तेव्हा त्यातले काही पेशीच्या आतच अडकलेले दिसले. कारण कळताच उपाय सुचला: रायबोफ्लेविनची भरपूर मोठी मात्रा. २०११ पासून आलेल्या अनुभवांत अनेक मुलांची घसरण थांबली आणि काही सुधारलीही. हात-पाय दुबळे होत चाललेल्या आणि ऐकू न येणाऱ्या मुलात हा आजार डॉक्टरांच्या मनात आला नाही, तर एका साध्या जीवनसत्त्वाची संधी निघून जाते.

आपण काय ध्यानात ठेवावे

बी-१२ कमी निघाले म्हणून लगेच जनुकांकडे बोट दाखवायचे नाही. आपल्याकडे बहुतेकांचे कारण ताटातच असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण आणखी जास्त होते. शाकाहारी घरांत दूध-दही हाच बी-१२चा मुख्य स्रोत, आणि चहात पडणाऱ्या चमचाभर दुधाने भागत नाही. गरोदर बाईला बी-१२ कमी असेल, तर बाळ जन्मतःच रिकाम्या साठ्याने येते आणि दुधातूनही त्याला पुरेसे मिळत नाही. अशी बाळे फिकट पडतात, मान धरायचे विसरतात, हातापायांना कंप सुटतो. आईला आणि बाळाला दोघांनाही बी-१२ द्यावे लागते.

मोठ्या माणसांत वाट अडवणारी इतर कारणेही आहेत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणे, आम्लपित्ताच्या गोळ्या सतत खाणे, जठराची शस्त्रक्रिया, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा क्षयरोग किंवा तो भाग काढून टाकणे. आतड्याचा क्षयरोग नेमका याच भागाला अधिक होतो. अशा माणसांनी पायाला मुंग्या येऊ लागल्या की ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

दुर्मीळ आजाराची शंका कधी घ्यावी? मूल नीट खाते-पिते, अंडी-मासे-दूध सगळे घेते आणि तरी बी-१२ तळाला आहे, तेव्हा. बी-१२ देऊन सुधारते आणि औषध थांबवले की काही महिन्यांनी पुन्हा तसेच होते, तेव्हा. ॲनिमियासोबत लघवीत प्रथिन सापडते, तेव्हा. घरातल्या दुसऱ्या भावंडालाही हेच झाले असेल किंवा आईवडील एकाच रक्ताच्या नात्यातले असतील, तेव्हा. अशा वेळी जनुकीय तपासणीने निदान पक्के करता येते. लघवीची साधी तपासणी तर कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पालकांनी जुने सगळे कागद, रक्ताचे आणि लघवीचे, एकाच पिशवीत ठेवून डॉक्टरांसमोर ठेवावेत.

कोकणातल्या त्या मुलीच्या आईला बहुधा आधी हेच वाटेल की आपले काही चुकले, खाण्यापिण्यात कुठे कमी पडलो. तिला सांगायचे ते एवढेच. तुमच्या ताटात काही कमी नव्हते. मुलीच्या पेशीने दार घडवलेही असेल, ते योग्य ठिकाणी पोहोचले नाही किंवा कामी आले नाही. म्हणून आता महिन्याला एक सुई. ती चुकवायची नाही. मूल मोठे झाले, शाळेत गेले, धावायला लागले, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले तरी चुकवायची नाही. बरे वाटू लागले की औषध सुटते, हा आपल्याकडचा जुना अनुभव. इथे बरे वाटते ते औषध चालू आहे म्हणून, हे मुलीला वाचता येऊ लागले की तिच्याच वहीत लिहून द्यावे.